मदत हवी आहे: टायमिंग बेल्ट बदलल्यापासून झेनचा पिकअप गेलाय, बेल्ट एक दात चुकलाय का?

नमस्कार मंडळी,

गाडी १९९६ ची मारुती झेन, कार्बोरेटरवाली, ९९३ सीसी. वडिलांची गाडी आहे आणि घरात अजून तीच रोज फिरते, त्यामुळे विकून टाक हा सल्ला कृपया नको.

मागच्या महिन्यात इथे साताऱ्यात एका गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा दातेरी पट्टा; कॅम व्हॉल्व उघडतो-बंद करतो) आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलून घेतला. बेल्ट तुटला नव्हता, कडेने दोरे निघायला लागले होते म्हणून. तोपर्यंत गाडी मस्त चालत होती. आता स्टार्ट पटकन होते, आयडलिंग पण ठीक, पण खालून दमच नाही. पुण्याहून येताना खंबाटकीत जिथे तिसऱ्यावर आरामात चढायची तिथे दुसरा टाकावा लागतो, आरपीएम वर गेले की मग जरा ओढते. मिसिंग नाही, धूर नाही, पेट्रोल मात्र जास्त खातेय.

गॅरेजवाले म्हणतात बेल्टचा काही संबंध नाही, कार्बोरेटर खोलावा लागेल. मला ते पटत नाही कारण डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर स्पार्क पोचवणारा भाग) आधीच्या जागेवर नाहीये, स्लॉटच्या पार टोकाला फिरवून टाईट केलाय, जुन्या जागेची खूण अजून दिसते. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमच्या टोकालाच बसतो, म्हणजे कॅम मागे पडला की स्पार्क पण तेवढाच उशिरा येणार. मग टायमिंग लाइट (स्पार्कची वेळ दाखवणारा दिवा) लावून डिस्ट्रिब्युटर फिरवला की स्पार्क येईल जागेवर, पण व्हॉल्व तर उशिराच उघडणार आणि उशिराच बंद होणार ना? ते डिस्ट्रिब्युटर फिरवून कसं सुधरेल? माझा सगळा संशय इथेच आहे. क्रँकच्या छोट्या पुलीला समजा २० दात धरले तरी एक दात म्हणजे क्रँकचे १८ डिग्री, हा काही थोडा फरक नाही.

मित्राकडून व्हॅक्यूम गेज (इंजिन आत हवा किती ओढतंय ते पाऱ्याच्या इंचात दाखवणारं मीटर) आणून लावला. आयडलिंगला काटा एकदम स्थिर पण १२ इंचावर. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन १७ ते २१ दाखवतं, आणि दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी होतो. सातारा दोन हजार फुटांच्या वर आहे म्हणून दोन-अडीच इंच सोडले तरी १२ कमीच आहे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आलं पण सगळीकडे थोडं कमी, म्हणजे एखादा व्हॉल्व लीक असेल असं वाटत नाही, इनटेक उशिरा बंद होत असेल तर असंच होईल ना?

आता पुली आणि कव्हर काढायच्या आधी वरूनच एकदा खात्री करायची आहे. विचार असा आहे की टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व यांच्यामधला, स्क्रूने गॅप ठेवायचा भाग) कव्हर काढायचं, प्लग काढायचे, एक नंबरच्या होलमध्ये प्लास्टिकची नळी टाकून पिस्टन वर आणायचा, कॉम्प्रेशनवर, म्हणजे एक नंबरचे टॅपेट ढिले असतील. तेव्हा चार नंबरला एक्झॉस्ट जवळजवळ बंद झालेला आणि इनटेक नुकता उघडायला लागलेला दिसला पाहिजे. एक्झॉस्ट अजून चांगलाच दाबलेला असेल आणि इनटेक हललाच नसेल तर कॅम मागे आहे असं धरायचं. नळीने टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असल्याची जागा) पाच-दहा डिग्री इकडेतिकडे होणार, कारण पिस्टन वर पोचल्यावर क्रँक थोडा फिरला तरी हलल्यासारखा वाटत नाही, तरी एका दाताचा फरक यात कळेल का? कोणी असं करून बघितलंय?

आणि चुकलाच असेल तर परत बसवताना कसं करू? मला जे समजलंय ते असं: कॅम पुलीचा मार्क आतल्या कव्हरच्या व्ही खुणेला, क्रँकच्या पुलीचा ठिपका ऑइल पंपाच्या बाणाला, टॅपेटचे स्क्रू ढिले करून ठेवायचे म्हणजे व्हॉल्वच्या स्प्रिंगा कॅमला मार्कवरून ढकलत नाहीत. बेल्ट चढवताना टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला अजिबात झोल ठेवायचा नाही, सगळा झोल टेन्शनरकडे. मग हाताने क्रँक सरळ दिशेने दोन फेरे फिरवून टेन्शनर टाईट करायचा आणि मार्क परत बघायचे. मला वाटतं गॅरेजमध्ये नेमकं हेच राहिलं असणार, मार्क जुळवले पण झोल चुकीच्या बाजूला राहिला आणि टेन्शनरने ओढल्यावर कॅम एक दात सरकला.

अजून एक. हेडचं फेसिंग (सिलिंडर हेडचा खालचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) पूर्वी झालंय, तर गॅरेजवाला म्हणतो की त्यामुळे मार्क थोडे मागेपुढे दिसणारच. फेसिंगमध्ये मिलिमीटरचा छोटासा भाग जातो आणि बेल्टचा एक दात कित्येक मिलिमीटरचा असतो, त्यामुळे केसभर फरक समजू शकतो, पण अर्धा दात फरक दिसला तर तो फेसिंगच्या नावावर सोडून द्यायचा का? झेन, एस्टीम किंवा जिप्सीचा बेल्ट ज्यांनी स्वतः बदललाय त्यांनी प्लीज सांगा, तुमचे मार्क बेल्ट ताणल्यावर एकदम समोरासमोर येतात की थोडा फरक राहतो? रविवारी टॅपेट कव्हर काढणार आहे, त्याआधी सांगितलंत तर फार मदत होईल. फोटो काढून इथेच टाकेन.