'बॅच'ला घाणा म्हणावं का?

सुरसागर: बडोद्यातल्या मराठी मुलांना रासायनिक प्रक्रियांच्या आराखड्याची तोंडओळख व्हावी म्हणून टिपणं करतेय. 'बॅच प्रोसेस'पाशी (एका वेळी ठरावीक माल भरायचा, तयार करायचा, काढायचा, मग पुन्हा भरायचा) अडले. 'खंडित प्रक्रिया' वाचून मुलं विचारतात, मध्येच बंद पडली का? 'घाणा' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी 'घाण आठवते' म्हणून खोडलं.

मांडवीकर: घाणाच ठेवा. भज्यांचा पहिला घाणा आपण म्हणतोच, इथले गुजराती शेजारीही 'घाण' म्हणतात. मूळ तेलाचा घाणा: तीळ भरा, पिळा, पेंड काढा, पुन्हा भरा. एक्स्पेलरमध्ये मात्र एकीकडून दाणे जात राहतात, दुसरीकडून तेल नि पेंड येत राहते. बॅच आणि कंटिन्युअस यांतला फरक याहून सोपा कसा सांगणार?

रावपुरा: उदाहरण उत्तम, शब्द नको. कढईत तेल तसंच राहतं. रिॲक्टर, म्हणजे रिॲक्शन होते ते भांडं, रिकामा करून धुतात. नेमकं ते धुणंच मुलं विसरतात. भरणं 2 तास, तापवणं 2, रिॲक्शन 6, थंड करणं 2, उपसणं 2, धुणं 2: एकूण 16. वर्षाचे 330 दिवस धरले तर 7,920 तासांत 495 बॅचेस. धुणं गाळलं की कागदावर 565 होतात, आणि टनाची बॅच असेल तर 70 टन माल नुसता कागदावरच राहतो. 'खेप' म्हणा.

मांडवीकर: खेप वाहतुकीची. एका बॅचचे ड्रम तीन खेपांत आले तर ऑपरेटरने काय समजायचं? आणि रिॲक्टर दर वेळी धुतातच असं नाही. स्फटिक पाडताना आधीच्या घाण्यातला थोडा माल विरजणासारखा मागे ठेवतात.

फतेहगंज: सरळ 'बॅच' लिहा. औषधाच्या पट्टीवर बॅच नंबर असतो, लॉगबुकातही तोच लिहायचाय.

रावपुरा: घाण्याने आणखी एक गैरसमज होतो: मोठी कढई, मोठा घाणा, बस. 1 लिटरवरून त्याच घडणीच्या 1,000 लिटरच्या भांड्यात गेलं की घनफळ हजारपट, पण उष्णता जिच्यातून बाहेर पडते ती भिंत शंभरपटच. लिटरमागे भिंत दहावा हिस्सा उरते. उष्णता सोडणारी रिॲक्शन असेल आणि सगळा माल एकदम ओतला, तर तापमान हाताबाहेर जातं. म्हणून जॅकेटमध्ये, म्हणजे भांड्याभोवतीच्या पोकळ आवरणात, थंड पाणी फिरवत दुसरा पदार्थ हळूहळू सोडतात.

मांडवीकर: तेही कढईत दिसतं! भजी एकदम जास्त सोडली की तेल थंडावतं. तिथे उष्णता आत पोचत नाही, इथे बाहेर निघत नाही. दोन्हीकडे भिंतच अपुरी पडते.

सुरसागर: मग हळूहळू सोडायच्या पद्धतीला काय म्हणू? आणि कंटिन्युअसला 'अखंड' की 'सलग'?

रावपुरा: सलग. देखभालीला प्लँट थांबतोच, अखंड कसला?

मांडवीकर: अखंड नंदादीपातही तेल घालावंच लागतं. अखंडच बरं.