वनस्पतिशास्त्र शिकून पुरातत्त्वात काय काम मिळतं?

गवतफूल: बीएस्सी वनस्पतिशास्त्र झालंय. पुरातत्त्वात एमए केलं तर हे शिक्षण वाया जाईल का?

खापरतुकडा: उलट तेच भांडवल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान पुणे जिल्ह्यातलं इनामगाव खणलं. तिथली ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबतच वापरली जायची त्या काळातली) शेती कळली ती जळक्या दाण्यांवरून. सातू, म्हणजे जव, हे तिथलं मुख्य पीक. काम मात्र किचकट: प्रत्येक थरातली माती लिटरमध्ये मोजायची, पाण्यात सोडायची, हलक्या हाताने ढवळायची. कोळसलेले दाणे तरंगतात, ते अर्ध्या मिलिमीटरहून बारीक चाळणीत धरायचे. खाली बसलेला गाळही चाळायचा, जड दाणे त्यातच राहतात.

सातबारा: चाळणीत धरलेल्या दाण्यांची पुडी सावलीतच वाळवा. उन्हात भरभर वाळलं की दाणा तडकतो, मग ओळख पटवणार कशी? आपली काळी माती चिकट, ढेकळं फुटत नाहीत. पाण्यात थोडा खायचा सोडा घालून भिजत ठेवा. चोळलंत तर दाण्यांचा चुरा. आणि न जळलेलं बी दिसलं की हुरळू नका, बहुधा मुंग्या-उंदरांनी आत नेलेलं आजचंच असतं.

गवतफूल: मग आधी काय शिकू?

खापरतुकडा: आजच्या धान्यांचे आणि तणांचे दाणे स्वतः कोळसवून नमुनासंग्रह करा. तुलनेला तोच लागतो.