केळ, कर्दळ आणि आले: नाते ठरवताना रचना प्रमाण मानावी की डीएनए?

प्रश्न:
केळ, कर्दळ, आले आणि हेलिकोनिया ही सारी एकाच गणात, म्हणजे अनेक कुलांच्या एका मोठ्या गटात मोडतात. परंतु केळीच्या फुलात साधारणपणे पाच कार्यक्षम पुंकेसर असतात, तर आल्याच्या फुलात एकच. याउलट मादागास्करचा रॅव्हेनाला पानांवरून थेट केळीसारखा दिसतो, तरीही तो आता केळीच्या कुलात धरला जात नाही. अशा वेळी कशावर विश्वास ठेवावा?

प्रतिसाद १:
रॅव्हेनालाच्या बाबतीत दोन्ही पुरावे एकच सांगतात. त्याची पाने पंख्यासारखी दोन रांगांत लागतात, केळीची मात्र सर्पिलाकार. त्याचे फळ कठीण व उकलणारे असून बियांवर निळे आवरण असते. डीएनएही त्याला स्ट्रेलिट्झियाच्याच (बर्ड ऑफ पॅराडाइज या शोभेच्या झाडाच्या) कुलात बसवतो.

पुंकेसरांसाठी कर्दळीचे फूल अवश्य उलगडून पाहावे. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ते भडक रंगाचे भाग वंध्य, म्हणजे पराग न देणारे पुंकेसर असतात, खऱ्या पाकळ्या त्यांच्या बाहेर, अरुंद आणि फिकट असतात, आणि पराग देणारा परागकोश, तोही अर्धाच, एका पाकळीसदृश पुंकेसराच्या कडेला चिकटलेला आढळतो. असाच अर्धा परागकोश मारांटाच्या (आरारूटच्या) कुलातही असतो आणि डीएनएनुसार ही दोन कुले एकमेकांची सर्वांत जवळची ठरतात. आल्याच्या फुलाचा ओठ, म्हणजे पाकळीसारखा दिसणारा ठळक भागही वंध्य पुंकेसर जुळूनच बनतो.

प्रतिसाद २:
वरील विवेचन पटले, पण जनुकेही डोळे झाकून स्वीकारू नयेत. रॅफ्लेशिया या परजीवी वनस्पतीला पाने, खोड, मुळे नसल्याने तुलनेला फारसे काही उरत नाही. त्यातच तिच्या काही जनुकांवरून ती द्राक्षाच्या कुलाजवळची भासते, कारण ती जनुके टेट्रास्टिग्मा या त्याच कुलातील आश्रयदात्या वेलीकडून तिच्यात आली आहेत. २००७ साली अनेक जनुकांच्या एकत्रित अभ्यासातून तिचे मूळ एरंडाच्या कुलात असल्याचे दिसले. बहुतांशी बारीक फुले असणाऱ्या कुलातून एवढे प्रचंड फूल उपजावे, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

प्रतिसाद ३:
मूळ प्रश्नाबाबत एक भर घालतो. केळ, स्ट्रेलिट्झिया, हेलिकोनिया व लोविया यांची चार कुले मिळून स्वतंत्र शाखा होत नाही. आले, कॉस्टस (पेव), कर्दळ आणि मारांटा यांची शाखा त्यांच्यातूनच फुटली आहे. म्हणून पाच-सहा पुंकेसर ही आधीची स्थिती आणि एक किंवा अर्धा ही नंतरची घट मानली जाते. त्या चार कुलांचा आपसातील क्रम लावणे मात्र अवघड जाते, कारण ती अल्पावधीत विलग झाली आणि तेवढ्या काळात नाते दाखवणारे बदल डीएनएत फारसे साचू शकले नाहीत.