जुन्या ताटल्यांच्या बोन्साय कुंड्या: 'गच्ची आणि बाल्कनी बाग' ग्रुप

मेघना, बी-५०४: क्लब हाउसच्या स्टोअररूममध्ये जुन्या भांड्यांचं खोकं पडलंय. चिनी मातीच्या लांबट ताटल्या, दोन पसरट बाऊल, पांढऱ्या डिनर प्लेट्स, एक तामचिनीचा ट्रे. भंगारात जाण्याआधी विचारते, यातलं बोन्सायला काय चालेल?

शिरीषकाका, ए-२०३: कुंडी करायची तर बुडाला ड्रिलने निचऱ्याची भोकं पाडावी लागतात. म्हणून आधी त्या पांढऱ्या प्लेट्स बाजूला काढ. बहुतेक ओपल, म्हणजे दुधी पांढऱ्या काचेच्या असतील. प्लेट उलटी करून बुडाच्या कडीवर बोट फिरव. चिनी मातीच्या बहुतेक भांड्यांना तिथे बिनचकाकीचा, किंचित खरखरीत पट्टा लागतो. भट्टीत भांडं त्या कडीवर उभं असतं, म्हणून तिथलं ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत लेप, आधीच पुसून काढतात. ओपलला तो पट्टा नसतो, बूडसुद्धा गुळगुळीत, आणि प्लेट पातळ व हलकी. ही काच टफन केलेली असते, म्हणजे वरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली. बिट आत शिरलं की तो ताण एकदम सुटतो आणि प्लेटचा चुरा उडतो. कितीही हळू ड्रिल केलं तरी हेच होतं. कढयांवरची काचेची झाकणं पण त्याच जातीची. भोक पाडायला जाऊ नका, त्या प्लेट्स कुंडीखाली ठेवायला वापरा.

शिरीषकाका, ए-२०३: बाकीची भांडी माठासारखी वाजवून घ्या. बोटाच्या टोकावर तोलून चमच्याने हलकं टिचकवायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे आणि ड्रिलखाली ती उघडणारच.

वैशालीताई, सी-१०१: मेघना, लांबट ताटल्या आणि बाऊलचा फोटो टाक. तोंड बाहेर पसरलेलं किंवा सरळ हवं. आत वळलेलं तोंड असेल तर मुळं भरल्यावर गड्डा सबंध बाहेर निघत नाही, झाड कापावं लागतं किंवा भांडं फोडावं लागतं. खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, हे बोन्सायचं जुनं माप. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दोन इंचांपेक्षा उथळ काहीही दुपारपर्यंत सुकतं. नवशिक्यांनी अडीच ते तीन इंच खोलीचंच निवडावं.

निखिल, ए-६०२: माझ्याकडे हॅमर ड्रिल आहे, काँक्रीटची बिट्सही आहेत. चालेल का काका?

शिरीषकाका, ए-२०३: ड्रिल चालेल, पण हॅमर बंद करून. काँक्रीटचं बिट चिनी मातीला नको, ते ठोकून फोडण्यासाठी बनवलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानात टाइलसाठी डायमंडचं पोकळ बिट मिळतं, नळीसारखं, तोंडावर हिऱ्याची पूड बसवलेली. १० किंवा १२ मिमीचं एक घे. झाड बांधायच्या तारेच्या भोकांसाठी ५ मिमीचं, भाल्याच्या टोकाचं काच-टाइल बिट. आणि शक्यतो बॅटरीचं ड्रिल बघ. हे काम पाण्यात करायचं असतं, वायरवालं ड्रिल त्यात नकोच.

रीत अशी. घमेल्यात ओली वाळू भरून त्यावर ताटली उलटी दाबून बसव. आतली सगळी बाजू वाळूला टेकली पाहिजे, खाली पोकळी राहिली की तिथेच तडा. बुडाच्या बाजूने भोक पाडायचं, कारण बिट बाहेर पडतं त्या बाजूला कपच्या उडतात. त्या आतल्या बाजूला गेल्या तर मिश्रणाखाली झाकल्या जातात. खुणेवर मास्किंग टेप लाव म्हणजे बिट घसरणार नाही. पोकळ बिट सुरुवातीला ४५ अंशात तिरकं धर, चंद्रकोरीसारखी चर पडली की हळूहळू सरळ कर. बुडाची कडी आता वर आलेली असते, तिच्या आत पाणी ओत, आपोआप आळं होतं. कडी नसेल तर कणकेचं गोल आळं कर. ड्रिल सगळ्यात कमी वेगावर. जोर लावायचा नाही, यंत्राचं वजन पुरे. पाणी दुधाळ झालं की बदल. आवाज बदलून पोकळ येऊ लागला म्हणजे भोक पडायला आलंय, तिथे हात आणखी हलका. फुटणाऱ्या बहुतेक ताटल्या या शेवटच्या मिलिमीटरलाच फुटतात.

धूर किंवा करपल्याचा वास आला तर थांब, बिट कोरडं पडलंय. हिऱ्याची पूड एकदा जळाली की बिट वाया. मध्ये अडकलेली चकती मागून खिळ्याने ढकलून काढ. चष्मा घाल आणि कोरडं अजिबात घासू नकोस, ती धूळ फुप्फुसात बसते.

मेघना, बी-५०४: भोकं किती आणि कुठे?

शिरीषकाका, ए-२०३: आठ-नऊ इंची ताटलीला १२ मिमीची तीन, शिवाय तारेसाठी ५ मिमीच्या दोन जोड्या. दोन भोकांत आणि बाजू वर वळते त्या रेघेपासून किमान दोन-अडीच सेंटिमीटर सोड. पण जागा डोळ्यांनी ठरवू नकोस. ताटली सरळ ठेवून आत दोन चमचे पाणी टाक. बऱ्याच ताटल्यांचं बूड मधे किंचित फुगलेलं असतं, पाणी कडेने साचतं. ते जिथे साचतं तिथे पेन्सिलने खूण. मधोमध भोक पाडून कडेला डबकं ठेवलं तर मुळं तिथेच सडतात.

दुसरी गोष्ट बुडाच्या कडीची. भोकं कडीच्या आत आणि कडी फरशीला घट्ट टेकलेली, तर पाणी जाणार कुठून? कानशीने कडीला तीन ठिकाणी खाचा पाड, नाहीतर ग्रॅनाइटचे छोटे तुकडे अराल्डाइटने पाय म्हणून चिकटव. तीनच पाय, म्हणजे डुगडुगत नाही. जमिनीपासून एक सेंटिमीटर उचललेलं पुरे.

स्नेहलकाकू, सी-४०३: तळाला खडीचा थर दिला की निचरा होतोच ना? सगळ्या कुंड्यांना आपण तेच करतो.

वैशालीताई, सी-१०१: काकू, उथळ भांड्यात तो थर उलट नुकसान करतो. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत. मग तोच उभा धरा, परत पाणी गळायला लागतं. मिश्रणाचंही तसंच आहे. तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडून राहतं, आणि ती उंची कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा बारीक मातीत तो ओला थर दीड इंचाचा आहे. दहा इंची कुंडीत मुळांना वर साडेआठ इंच मोकळे राहतात, अडीच इंची ताटलीत एकच इंच. खाली खडी टाकली की ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी घटते.

म्हणून सगळं मिश्रणच जाड कणांचं हवं, वरपासून खालपर्यंत एकसारखं. मापं अशी:
५ भाग विटेचे खडे, २ ते ५ मिमी
३ भाग धुतलेली जाड वाळू
२ भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं पानांचं खत

वीट पक्की भाजलेली घ्या. कच्ची वीट पावसाळ्यात विरघळते आणि दोन महिन्यांत चिखल होतो. पाडलेल्या भिंतीच्या विटा असतील तर चुना-सिमेंट खरवडून काढा, त्याने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि नवी पानं पिवळी पडतात. खडे चाळून, धुऊन, धूळ पूर्ण घालवूनच वापरायचे. लाल माती नको, गांडूळखतही तळाशी बसून भोकं बुजवतं. ते वरून चिमूटभर द्या.

निखिल, ए-६०२: आतून चकचकीत ग्लेझ असतं त्याचं काय? बोन्सायच्या खऱ्या कुंड्या आतून कोऱ्या असतात ना?

वैशालीताई, सी-१०१: हो, चीनमधल्या यीशिंग किंवा जपानमधल्या तोकोनामेच्या कुंड्या आतून बिनग्लेझच्या असतात. ग्लेझमुळे झाड मरत नाही, पण पकड मिळत नाही आणि आपल्याकडे मृगाच्या वाऱ्यात उथळ झाड सरळ उपटून पडतं. तारेच्या जोड्या त्यासाठीच. दीड ते दोन मिमीची अ‍ॅल्युमिनियमची तार खालून वर काढून मुळांच्या गड्ड्यावर पिळून घट्ट करायची. बुंधा हलवला तर ताटली हलली पाहिजे, झाड नाही. हलणाऱ्या झाडाची नवी पांढरी मुळं रोज तुटतात, मग ते महिनोन्‌महिने रुसून बसतं. भोकांवर प्लास्टिकची जाळी, ३ मिमीच्या आसपास डोळ्याची. डासांची जाळी फार बारीक, ती तुंबते. जाळी नुसती ठेवू नका, फुलपाखरासारख्या वळवलेल्या तारेच्या तुकड्याने खालून अडकवा, नाहीतर मिश्रण भरताना सरकते.

मेघना, बी-५०४: आणि तामचिनीचा ट्रे?

शिरीषकाका, ए-२०३: आत पत्रा असतो, त्यामुळे लोखंडाचं साधं बिट पुरे. टेप लाव, तरी भोकाभोवती तामचिनी उडेल. कडेला ऑइल पेंट दे, नाहीतर तिथून गंज धरतो. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे असेल तर खिळ्याने आतून बाहेर ठोक. बाहेरून ठोकलं तर आत उंच काठ तयार होतो आणि पाणी त्याच्याखाली अडतं. कुठलाही पत्रा मेच्या उन्हात तापतो, पश्चिमेच्या बाल्कनीत नकोच. तांबं-पितळ वापरू नका, तांबं मुळांची टोकं मारतं.

वैशालीताई, सी-१०१: झाडाबद्दल एक अगदी कळकळीने सांगते. आपल्या डक्टमध्ये, पाइपच्या सांध्यात उगवलेली वड-पिंपळाची रोपं काढून थेट ताटलीत लावू नका. उथळ भांड्यात वाढ मंदावते, बुंधा जाड होत नाही, काडी ती काडीच राहते. आधी दोन-तीन वर्षं खोल कुंडीत बुंधा भरू द्या. लगेच काही करायचं असेल तर लांबट ताटली छोट्या वनासाठी उत्तम: जेडच्या (जाड, मांसल पानांचं झुडूप) किंवा फायकसच्या (वड-पिंपळाच्या जातीचं झाड) पाच किंवा सात बारीक काड्या, सगळ्यात जाड आणि उंच ती मध्याच्या जरा बाजूला, बाकीच्या वेगवेगळ्या अंतरावर, समोरून पाहताना एकामागे एक न झाकणाऱ्या.

फायकसची कुंडी फेब्रुवारीअखेर ते मार्च, नाहीतर पहिले पाऊस झाल्यावर बदलायची. एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त मुळं कापू नका. जेडच्या फांद्या कापल्यावर तीन-चार दिवस सावलीत सुकवून मगच लावा आणि पुढचा आठवडा पाणी नको. लगेच पाणी दिलं की कापलेलं टोक काळं पडून सडतं.

स्नेहलकाकू, सी-४०३: पाणी घातल्यावर खालच्या बाल्कनीत गळतं, त्याची तक्रार येते. म्हणून खाली प्लेट ठेवावीच लागेल.

वैशालीताई, सी-१०१: ठेवा, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ओतून टाका. डेंग्यूचे डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. आठवड्यातून एकदा प्लेट घासून कोरडी करा, अंडी काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. शिवाय अनोळखी जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, तेव्हा या भांड्यांत कोथिंबीर-पुदिना लावू नका.

निखिल, ए-६०२: १२ आणि ५ मिमीची बिट्स उद्या आणतो. बॅटरीचं ड्रिल बी-विंगच्या मिस्त्रींकडे आहे, विचारतो.

शिरीषकाका, ए-२०३: रविवारी सकाळी १० नंतर, गच्चीवर. आधी तडा गेलेल्या एखाद्या कपाच्या बशीवर हात बसवून घ्या, चांगल्या ताटल्या नंतर. मेघना, घमेलं आणि वाळू वॉचमनच्या खोलीमागे आहे, शनिवारी रात्री वाळू भिजवून ठेव.