असमिया सर्वनामं: 'तुमि' कुणाला, 'आपुनि' कुणाला, आणि 'ताइ' म्हणजे ताई का नाही?

टॉवेलखातं
सोलापूरहून टॉवेल-चादरीचा माल आसामात जातो, त्यामुळे गुवाहाटी आणि जोरहाटच्या दुकानदारांशी रोज फोन असतो. हिंदीवर भागतं, पण चार वाक्यं असमियात बोलायची आहेत. लिपी थोडी वाचता येते. सर्वनामांपाशी मात्र गाडी अडते. 'तू'साठी तीन शब्द दिसतात, 'तो'साठी तर त्याहून जास्त. 'आमि' म्हणजे मी की आम्ही? एका ठिकाणी मी असं लिहिलंय, दुसरीकडे आम्ही. आणि मोठ्या बहिणीबद्दल बोलताना 'ताइ' चालेल का? मराठीच्या आधाराने समजावलं तर बरं. कोष्टक पाठ करून काही होत नाही, बोलायच्या वेळी सगळं सटकतं.

अक्षरओळख
आधी 'आमि'चं मिटवू. असमियात आमि म्हणजे आम्ही. मी म्हणजे 'मॉइ'. तुम्ही जिथे 'आमि = मी' वाचलंत ते पान बंगालीचं असणार. लिपी जवळपास एकच असल्यामुळे ही गल्लत फार होते. ओळखायची खूण र या अक्षरात आहे. बंगाली र ला खाली टिंब असतं, असमिया र च्या पोटात तिरकी रेघ असते. मजकुरात पोटात रेघ असलेला र दिसला की तो असमिया.

उच्चाराबद्दल दोन गोष्टी, नाहीतर पुढचं वाचून उपयोग नाही. लिखाणात जिथे स, श, ष आहे तिथे बहुतेक वेळा घशातून घासत येणारा आवाज निघतो. मी तो 'ख़' असा लिहितोय. दखनी बोलणारे 'क़लम'ला 'ख़लम' म्हणतात, तोच हा ख़. सोलापुरात तो ऐकायला लांब जावं लागणार नाही. आणि लिहिलेला ओ कानाला उ कडे झुकलेला लागतो. 'मोर' लिहितात, ऐकू येतं 'मुर'सारखं. मी लिखाणाप्रमाणे ओ ठेवतो.

आता माणसं. समोरच्यासाठी तीन पायऱ्या:

तॉइ – तू, अगदी सलगीतला. लहान भावंडं, जिवलग मित्र. सोलापुरात ज्याला 'बे' लावून हाक मारली तर तो रागावत नाही, त्यालाच तॉइ.
तुमि – बरोबरीचा किंवा लहान, पण तॉइइतका सलगीचा नाही. नवराबायको, सहकारी, ओळखीतली तरुण मंडळी.
आपुनि – अनोळखी, वडीलधारी, गिऱ्हाईक, साहेब.

मराठी माणूस घसरतो तो मधल्या पायरीवर. 'तुमि' कानाला 'तुम्ही'सारखा लागतो, म्हणून आपण तो आदरार्थी समजून वयस्क दुकानदाराला बिनधास्त वापरतो. असमियात तो एकवचनी आहे आणि आदर त्यात नाही. दुकानदाराला पहिल्या फोनपासून आपुनिच. तुमिवर यायचं असेल तर पुढाकार समोरच्याने घ्यावा.

दुसरी घसरण याच्या उलट दिशेची. मराठीत एका माणसाला मान द्यायचा तर आपण अनेकवचन वापरतो. असमियात मान आणि संख्या वेगळ्या. एकच मोठा माणूस असेल तर आपुनि, तीनचार असतील तरच आपोनालोक. तसंच तुमिचं तोमालोक आणि तॉइचं तॉहॉँत. एकट्या माणसाला 'आपोनालोक' म्हटलं तर तो 'आम्ही सगळे' असंच समजून उत्तर देईल.

'ताइ'बद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं. ताइ म्हणजे 'ती', आणि तीही सलगीतली किंवा लहान. मोठ्या बहिणीला हाक मारताना बाइदेउ, तिच्याबद्दल बोलताना तेओँ.

पूर्वभाग
तिसऱ्या पुरुषाचं मी लिहितो, कारण सोलापूरकरांना ते पुण्याच्या माणसापेक्षा सोपं जातं. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत वाडु, अतनु, आयन असे 'तो'चे चढते मान रोज ऐकू येतात. असमियात तसंच आहे:

ख़ि (लिखाणात सि) – तो, लहान किंवा सलगीतला
ताइ – ती, लहान किंवा सलगीतली
तेओँ – ते किंवा त्या, मोठी माणसं
तेखेत – ते किंवा त्या, विशेष मान. शिक्षक, ज्येष्ठ, घरातले आजोबा

स्त्री-पुरुष भेद फक्त खालच्या पायरीवर आहे. तेओँ आणि तेखेत दोघांनाही चालतात. क्रियापदात तर लिंग नाहीच, तो गेला आणि ती गेली दोन्हीला 'गॉल'. मराठी माणसाला इथे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं आणि तो शेवटी आ-ई जोडायला बघतो. जोडू नका.

ही दूरची रूपं झाली. माणूस शेजारी उभा असेल तर ख़िचं इ, ताइचं एइ, तेओँचं एओँ आणि तेखेतचं एखेत. मराठीत तो आणि हा जसे वेगळे, तसेच.

अनेकवचन: ख़िहॉँत, तेओँलोक, तेखेतख़ॉकॉल. ताइला वेगळं अनेकवचन शोधत बसू नका, मुलींच्या घोळक्यालाही ख़िहॉँत.

निर्जीव वस्तूला यातलं काहीच लावायचं नाही. 'एइटो', 'ख़ेइटो' म्हणायचं. चादर, पुस्तक अशा सपाट पसरट वस्तूला 'एइखॉन'. जाता जाता, नुसतं 'सादॉर' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे मेखेला-सादॉर येतो, बायकांचं वस्त्र. आपली सोलापुरी चादर सांगायची तर 'बिसॉना सादॉर' म्हणा. सर्वनामाचा विषय नाही, पण या धंद्यात लागेल.

एक गोष्ट मात्र तेलुगूहून सोपी. तेलुगूत मनमु-मेमु आणि मराठीत आपण-आम्ही असा भेद आहे, ऐकणारा धरून की सोडून. असमियात दोन्हीला आमि.

टॉवेलखातं
दोघांचेही आभार. तुमिची चूक नेमकी होत होती. आता क्रियापद कसं बदलतं? आणि मला, माझं, माझ्याकडे ही रूपं?

अक्षरओळख
क्रियापद वचनाप्रमाणे बदलत नाही. मॉइ आणि आमि यांचं रूप एकच. बदल होतो तो पायरीप्रमाणे. 'करणे'चा भविष्यकाळ घ्या:

मॉइ / आमि कॉरिम
तॉइ कॉरिबि
तुमि कॉरिबा
आपुनि, ख़ि, ताइ, तेओँ, तेखेत कॉरिबॉ

भूतकाळात कॉरिलोँ, कॉरिलि, कॉरिला, कॉरिले. म्हणजे एकूण चारच शेपट्या.

शेवटची ओळ नीट बघा. आपुनिला 'तो'चं क्रियापद लागतं. मराठीत 'आपण कराल' असल्यामुळे तोंडात 'आपुनि कॉरिबा' येतं, आणि अशा वाक्यात सर्वनाम मानाचं पण क्रियापद तुमिचं होतं. हिंदीतलं 'आप करेंगे' डोक्यात ठेवा, तिथेही आपला 'वे'चंच रूप लागतं. आज्ञार्थातही पायऱ्या आहेतच: तॉइ आह, तुमि आहा, आपुनि आहॉक. गिऱ्हाइकाला नुसतं 'आहा' म्हणजे 'ये ये' म्हटल्यासारखं.

भूतकाळात सकर्मक क्रियापदाला तिसऱ्या पुरुषात आणि आपुनिला -ले लागतं, अकर्मकाला साधारणपणे नुसतं -ल. आपुनि कॉरिले, पण आपुनि आहिल.

आणखी एक मराठी खोड. 'मी टॉवेल पाठवले, मी चादर पाठवली' असं आपलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. असमियात ते कर्त्यालाच धरून राहतं. माल काहीही असो, मॉइ असेल तर शेवट -लोँ.

रूपं: मोर (माझं), मोक (मला), मोलै (माझ्याकडे). आमार, आमाक. तोर, तोक. तोमार, तोमाक. आपोनार, आपोनाक, आपोनालै. ख़िचं तार, ताक. बाकीच्यांना सरळ र आणि क जोडा: ताइर, तेओँर, तेखेतॉर. 'मी उद्या तुमच्याकडे पाठवीन' म्हणजे 'मॉइ काइलै आपोनालै पॉठाम'. शब्दयोगी अव्ययं मोर वर बसतात, आपल्या 'माझ्या'सारखी: मोर लॉगॉत (माझ्याबरोबर), मोर पॉरा (माझ्याकडून), मोर बाबे (माझ्यासाठी).

तर मला = मोक, माझं = मोर, एवढं धरून चाला.

होटगीरोड
वरची शेवटची ओळ धरून चाललात तर अडचण येईल. मराठीतला 'मला' असमियात तीन ठिकाणी विखुरतो.

हवं असणं, लागणं असेल तर मोक: मोक साह लागे, मला चहा लागतो. इथे मराठी आणि असमिया शब्दाला शब्द जुळतात, आणि त्यामुळेच पुढे फसगत होते.

भूक, आवड, ताप, म्हणजे शरीराला किंवा मनाला जाणवणारं काही असेल तर मोर: मोर भोक लागिसे, मोर भाल लागे (मला आवडतं), मोर जॉर हॉइसे (मला ताप आलाय). 'मोक भोक लागिसे' ही मराठी माणसाची हमखास चूक.

येणं, जमणं असेल तर सरळ मॉइ: 'मला असमिया बोलता येत नाही' म्हणजे 'मॉइ अख़ॉमिया कॉब नोवारोँ'. हे वाक्य पहिल्या दिवशीच पाठ करा. फोनवर समोरचा भराभर बोलायला लागला की कामी येतं.

'आपला'चंही बघून ठेवा. 'तो आपल्या घरी गेला' यात आपुनि किंवा आमार आणलं तर अर्थच पालटतो. इथे 'निजॉर': ख़ि निजॉर घॉरलै गॉल.

पूर्वभाग
होटगीरोड यांचं बरोबर. आणखी एक बारकावा. तेखेत आणि लोक, हॉँत, ख़ॉकॉल लागलेली अनेकवचनं सकर्मक क्रियापदाबरोबर कर्ता असली की शेवटी ए घेतात: तेखेते कॉले (त्यांनी सांगितलं), पण तेखेत आहिल (ते आले). आपल्या 'ने'सारखं वाटतं, पण आपला ने भूतकाळात अडकलेला आहे आणि हा ए वर्तमान-भविष्यातही येतो. मॉइ, आमि, तॉइ, तुमि, आपुनि, ख़ि, ताइ यांना तो लागत नाही. मराठीत मी आणि तू ने वाचून चालतात, त्यातलाच प्रकार. 'कोण'चंही 'कोने' होतं. फोन उचलल्यावर ऐकू येणारं 'कोने कॉइसे?' म्हणजे 'कोण बोलतंय?'

अक्षरओळख
होटगीरोड, मान्य. घाईत लिहिलं.

एक राहिलं, आणि माझ्या मते असमियातली सर्वांत गमतीची गोष्ट हीच. नात्याचा शब्दही सर्वनामाप्रमाणे शेपूट बदलतो. वडील म्हणजे देउता:

मोर देउता
तोर देउतार
तोमार देउतारा
आपोनार देउताक, तार देउताक, तेओँर देउताक

आईचंही तसंच: मोर मा, तोर मार, तोमार मारा, आपोनार माक. 'आपोनार देउता' म्हटलं तर कळतं, पण कानाला खटकतं. इथेही आपुनि 'तो'च्या रांगेत बसलाय, क्रियापदात बसला होता तसाच. देउताकमधला क 'ला'चा समजू नका. 'त्याच्या वडिलांना' म्हणायचं तर आणखी एक क लागतो: तार देउताकॉक. लॉरा (मुलगा) आणि सोवाली (मुलगी) यांना ही शेपटं नाहीत.

टॉवेलखातं
देउताकचं कुठेच वाचलं नव्हतं. मोबाइलवर लिहिताना र टिंबवालाच उमटतोय, त्याचं काय करायचं?

होटगीरोड
कीबोर्डच्या भाषांमध्ये बंगाली निवडलेली असेल. असमिया वेगळी दिलेली असते, ती घ्या. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्या एकाच गटात आहेत, पण असमिया र आणि व यांना स्वतंत्र जागा आहेत. टिंबवाला र टाकून 'मोर' लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळेल, पण शोधताना सापडणार नाही.

आणि शिकायचा क्रम मॉइ, आपुनि, तेओँ एवढाच ठेवा. आपुनि आणि तेओँचं क्रियापद एकच, म्हणजे दोन शेपट्यांत फोन निभतो. तुमि महिन्याभराने. तॉइ कानाला ओळखू आला तरी पुरे, तुमच्या तोंडून दुकानदाराला तो जायलाच नको.