‘कालिया मर्दन’ला पुंगीचा आवाज द्यायचाय: थेरेमिन, क्लेव्हायोलिन की आणखी काही?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाचा जो भाग शिल्लक आहे तो इथे सांगलीत दीडशे खुर्च्यांच्या एका सभागृहात दाखवायचा आहे. आवाज पडद्याशेजारी बसून तिथल्या तिथे द्यायचा. पेटी-तबला घेऊन पौराणिक थाट करायचा नाही. डोहात नाग येतो तिथे ‘नागिन’मधल्यासारखी पुंगी हवी, आणि पाण्याखाली काहीतरी अमानवी.

अडचणी अशा:

थेरेमिनवर (हात न लावता, हवेत हात हलवून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) ती पुंगी निघेल का? तयार थेरेमिन बजेटबाहेर आहे, म्हणून ५५५ (ठोके देणारी टायमर आयसी) आणि एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा रेझिस्टर) वापरून ब्रेडबोर्डवर एक जोडलाय. दिवसा खोलीत मस्त बोलतो. प्रोजेक्टर लावून दिवे घालवले की नुसतं टिक-टिक, आणि पडदा उजळला की सूर आपोआप वर.

मिरजेचा तंबोरा आहे. समोर माइक ठेवला की स्पीकर शिट्टी मारतो. पायझो (कंपनं टिपणारी चकती) चिकटवून थेट मिक्सरला दिला तर खर्ज गायब, नुसती किणकिण.

शिवाय फाइलमध्ये काही दृश्यांत माणसं तुरुतुरु पळतात. वेग किती ठेवायचा?

---

काळी_एक (मिरज)

आधी पुंगीचं बघू. थेरेमिनचा तिथे काही संबंध नाही. १९५४ च्या ‘नागिन’ला संगीत हेमंतकुमारांचं. ‘मन डोले’तली पुंगी कल्याणजींनी क्लेव्हायोलिनवर वाजवली आणि सोबत रवी यांची पेटी होती. क्लेव्हायोलिन म्हणजे फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली काढलेलं व्हॉल्व्हवर चालणारं छोटं कीबोर्ड. एका वेळी एकच सूर वाजतो. आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा असतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पुंगीचा ‘श्वास’ येतो तो या गुडघ्यातून. बहुतेक नकला इथेच फसतात: सूर बरोबर असतात, पण आवाजाची पातळी सपाट.

खऱ्या पुंगीत भोपळ्याखाली दोन नळ्या असतात. एकीला भोकं, तिच्यावर चाल. दुसरी अखंड एकच सूर धरते. दोन्हींत एकेरी जिव्हाळी, म्हणून तो नाकातला आवाज. तुम्हाला तीन गोष्टी लागतील: नाकातला स्वर, अखंड आस (तो सतत धरलेला सूर), आणि श्वासासारखी हलणारी पातळी.

साधा कॅसिओ किंवा लॅपटॉपवरचा मोफत सिंथ पुरे. पॉलिफोनी बंद करून मोनो करा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण दोन पट्ट्या एकत्र दाबल्या गेल्या तर पुंगी संपली आणि चर्चमधला ऑर्गन सुरू झाला. वेव्हफॉर्म पल्स घ्या, रुंदी १० ते २० टक्के. ५० टक्के ठेवली तर पोकळ, क्लॅरिनेटसारखं लागतं. ३०० हर्ट्झखालचं कापा. पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं) ४० ते ६० मिलिसेकंद, त्याहून जास्त नको, नाहीतर कुत्र्याचं रडणं वाटतं. व्हायब्रॅटो (सुराची थरथर) सेकंदाला ५ ते ६, पण तो सूर लागल्यावर पाव सेकंदाने सुरू व्हायला हवा. पिच बेंड दोन सेमीटोनवर ठेवा, मींड त्यावरच काढायची. आवाज पायाच्या पेडलवर घ्या. तिथे गुडघ्याचं काम टाच करेल.

आणि ब्लूटूथ स्पीकर अजिबात नको. पट्टी दाबल्यावर दीड-दोनशे मिलिसेकंदांनी आवाज येतो, बोटं गोंधळतात. लॅपटॉप असेल तर बफर २५६ सॅम्पल. ४८ किलोहर्ट्झला ते साधारण ५ मिलिसेकंद होतात, कानाला कळत नाहीत.

---

फॅरडमास्तर (सातारा)

टिक-टिकचं कारण सरळ आहे. अंधारात एलडीआर १ मेगओहमच्या वर जातो. ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरबरोबर ५५५ तेव्हा सेकंदाला सातेक ठोके देतो. तो सूर नाही, घड्याळ झालं. आणि पडद्याचा उजेड एलडीआरवर पडतो, म्हणून चित्रपटच तुमचं वाद्य वाजवतोय. (हे मुद्दाम करायचं असेल तर कल्पना वाईट नाही, पण पुंगीसाठी नको.)

उपाय असा की एलडीआरला स्वतःचा दिवा द्या. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचा ४ सेंमी तुकडा घ्या, आतून काळा रंगवा, तळाशी एलडीआर बसवा. वर १२ ते १५ सेंमीवर खाली तोंड करून हिरवा एलईडी, ९ व्होल्टवर ४७० ओहम मालिकेत. हिरवाच का, तर एलडीआर हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो. हात मधे घालून वाजवायचं. हात झाकला की सूर खाली, काढला की वर. दिवा बॅटरीवरच हवा. घरच्या विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि तो खरखराट थेट सुरात मिसळतो.

आता जोडणी. पिन ८ आणि ४ धन टोकाला, १ ऋण टोकाला. ८ आणि ७ मध्ये ४.७ किलोओहम. ७ आणि ६ मध्ये एलडीआर, त्याला समांतर १०० किलोओहम. ६ आणि २ एकत्र, तिथून ०.१ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर ऋण टोकाला. सिरॅमिक चकती नको, सभागृह तापलं की सूर सरकतो. पिन ५ वरून १० नॅनोफॅरड ऋण टोकाला.

पुंगीची किल्ली आहे १एन४१४८ डायोड: ॲनोड पिन ७ ला, कॅथोड पिन ६ ला. त्यामुळे कपॅसिटर भरतो तो फक्त ४.७ किलोओहममधून आणि रिकामा होतो एलडीआरमधून. परिणाम असा की ठोक्याची रुंदी सुमारे ०.३ मिलिसेकंदावर कायम राहते, बदलते फक्त दोन ठोक्यांमधली फट. सूर वर-खाली झाला तरी नाकातला ढंग तोच राहतो, भोपळा एकच असल्यासारखा. डायोडशिवाय ५० टक्क्यांच्या आसपासची चौकोनी लहर मिळते आणि ती खेळण्यातल्या भोंग्यासारखीच वाजते, कितीही फिल्टर लावा.

समांतर १०० किलोओहममुळे पूर्ण अंधारातसुद्धा सूर १३८ हर्ट्झच्या आसपास थांबतो. म्हणजे मंद्रातली काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी). तेव्हा आस त्याच्या वरच्या षड्जावर, २७७ हर्ट्झला ठेवा: दुसरा ५५५, जोडणी हीच, एलडीआर आणि त्याच्या समांतर रेझिस्टरच्या जागी ३९ किलोओहम आणि मालिकेत २० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर). प्रीसेट जवळपास मधोमध आल्यावर काळी एक लागते. तंबोऱ्याशी जुळवून घ्या.

जुना ५५५ पालटताना वीज हिसक्याने ओढतो, त्यामुळे एकाच बॅटरीवरचे दोन ऑसिलेटर एकमेकांना खेचतात आणि जवळच्या सुरांवर चिकटतात. शक्यतो ७५५५ (कमी वीज ओढणारा ५५५) वापरा, आणि प्रत्येक आयसीच्या ८ व १ पिनांना अगदी खेटून १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड लावा.

पिन ३ वर ८ व्होल्टच्या आसपास लहर असते. ती थेट मिक्सरला देऊ नका. १ मायक्रोफॅरड, मग १०० किलोओहम, मग १० किलोओहमचा लॉग पॉट (आवाजाची मूठ) ऋण टोकाला. पॉटच्या मधल्या टोकावरून मिक्सर. डाव्या हाताला तो पॉट द्या, गुडघ्याच्या दांड्याचं काम होईल.

खरा थेरेमिन करायचाच असेल तर सीडी४०९३ च्या दोन ऑसिलेटरचा वजाबाकी करणारा बनतो. पण दोन्ही ऑसिलेटर एकाच आयसीत घेतलेत तर एकमेकांना कुलूप लागतं आणि खालचे सूर येतच नाहीत. आयसी वेगळे घ्या. सुरू करून १५ ते २० मिनिटं तापू द्या, लोखंडी टेबल टाळा, आणि मिक्सरचं अर्थिंग तीन पिनांचं असू द्या. अर्थिंग नसेल तर डबीला हात लागला की सूर बदलतो. पहिल्या रांगेतला माणूस उठून गेला तरी बदलतो, म्हणून मीटरभर जागा मोकळी.

---

जुना_पडदा (सातारा)

वेगाबद्दल. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला १६ ते १८ चौकटी. त्याच चौकटी २४ ने चालवल्या की हालचाल दीडपट होते, हेच ते तुरुतुरु. व्हीएलसीमध्ये प्लेबॅक वेग ०.६७ ठेवलात तर १६ चा हिशोब, ०.७५ ला १८ चा. आधी एक तपासा: ‘ई’ची कळ दाबून एकेक चौकट पुढे न्या. दर तीन चौकटींत एक हुबेहूब आधीचीच दिसली, तर फाइल बनवणाऱ्याने वेग आधीच सुधारलाय. त्यावर पुन्हा ०.६७ लावलंत तर माणसं डोहाबाहेरही पाण्यात चालल्यासारखी दिसतील.

हाताने फिरवलेला कॅमेरा, त्यामुळे सगळी दृश्यं एका वेगाला बसत नाहीत. चालणारी माणसं बघून ठरवा, पाणी बघून नको.

हक्कांचं म्हणाल तर आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं. मूळ चित्रपट केव्हाच मोकळा झाला. ‘नागिन’ची चाल मात्र जशीच्या तशी वाजवू नका. एक तर गाण्याचे हक्क वेगळे मोजले जातात, आणि दुसरं म्हणजे ती ओळखीची चाल आली की सभागृह हसतं, कालिया बाजूला राहतो. नुसता आवाज घ्या, चाल स्वतःची.

आणि पुंगी राखून ठेवा. सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, हीच यातला कृष्ण, कॅमेऱ्यासमोर एकामागून एक चेहऱ्यावरचे भाव दाखवते. तिथे फक्त तंबोरा. डोहातल्या झटापटीत फाळके एकदा पाण्याखालचं, एकदा काठावरच्या घाबरलेल्या लोकांचं असं आलटून पालटून दाखवतात. ही तर आवाजाला आयती फोड आहे: काठावर पुंगीची आस बंद, पाण्याखाली चालू. परदेशात ‘नागिन’चंच दशक गाजलं ते अशा वाटणीवर. १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये बर्नार्ड हर्मनने दोन थेरेमिन घेतले. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ला तर वाद्यवृंदच नाही, लुई आणि बेबी बॅरन यांनी सगळा आवाज इलेक्ट्रॉनिक सर्किटांतून काढला. अमानवी आवाज अमानवी जागीच ठेवला तर चालतो.

नागपंचमीचं शिराळा जवळ आहे म्हणून कुणी खरा नाग आणायची टूम काढली तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ दाखवा. नागाला पुंगीचे सूर आपल्यासारखे ऐकूही येत नाहीत, तो हलत्या पुंगीवर डोळा ठेवून डोलतो.

---

काळी_एक (मिरज)

तंबोऱ्याचं राहिलं होतं. २७ मिमीच्या पायझोची धारकता साधारण २० नॅनोफॅरड. मिक्सरचं लाइन इनपुट १० किलोओहम धरलं तर ८०० हर्ट्झखालचं सगळं गळतं. काळी एकला लावलेला खर्ज ६९ हर्ट्झला, मग तो कुठून येणार? मधे १ मेगओहमचा बफर (सिग्नल न गाळता पुढे देणारं सर्किट) घाला, गळती ८ हर्ट्झवर जाते.

टीएल०७२ पुरतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडने अर्धं व्होल्टेज तयार करा. पायझोपासून ०.१ मायक्रोफॅरड पिन ३ ला, पिन ३ वरून १ मेगओहम त्या अर्ध्या व्होल्टेजला. पिन १ आणि २ जोडलेल्या, पिन १ वरून १० मायक्रोफॅरड बाहेर. बॅटरी ८ आणि ४ ला. उरलेला अर्धा भाग मोकळा सोडू नका: पिन ५ अर्ध्या व्होल्टेजला, ६ आणि ७ एकत्र. मोकळा राहिला की कधी कधी तोच कुजबुजतो.

पायझो तबलीवर लावा, घोडीपासून दोन-तीन बोटांवर, पातळ दुहेरी टेपने. घोडीवर नको, जवारीचा लागलेला कोन बिघडतो. फेव्हिक्विकचा थेंब पडला तर पॉलिशसकट निघतो. लॅपटॉप चार्जरवर आणि मिक्सर वेगळ्या सॉकेटवर असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण येईल. लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

पाण्याखालच्या अमानवी आवाजाला एवढी इलेक्ट्रॉनिक्स नकोच. पितळी परातीत दोन बोटं पाणी, पायझो परातीच्या पाठीला, कडेवर राळ लावलेला व्हायोलिनचा गज ओढा आणि परात हळू तिरकी करा. पाणी ज्या बाजूला सरकतं तिथली कंपनं जड होतात, सूर घसरतो. अमेरिकेच्या रिचर्ड वॉटर्सने वॉटरफोन नावाचं जे वाद्य केलं त्याचं तत्त्व हेच. पायझोच्या तारा मेणाने बंद करा, थेंब शिरला की फट्‌ आवाज होऊन स्पीकरला दणका बसतो.

नागाच्या शेपटीच्या फटक्याला चौंडकं बघा. जोगत्यांकडे असतं ते. तारेचा ताण हाताने ओढून छेडली की सूर वाकतच जातो. पायझो लावलेल्या चौंडक्यापुढे सिंथचा पिच बेंड बिचारा वाटतो.

---

कृष्णाकाठ (सांगली)

डायोड आणि हिरवा दिवा लावला. दिवे घालवल्यावरही सूर जागेवर राहतोय. फाइल चौकट-चौकट तपासली, दर तिसरी दुहेरी आहे, म्हणजे वेग आधीच सुधारलेला, ०.६७ काढून टाकतो. एकच: एलडीआरवर हाताने व्हायब्रॅटो काढायला गेलं की तो पुसट लागतो.

---

फॅरडमास्तर (सातारा)

एलडीआर आळशी असतो, उजेड बदलल्यावर त्याला सावरायला वीस-तीस मिलिसेकंद लागतात, आणि अंधाराकडे जाताना तर जास्तच. हात सेकंदाला ५-६ वेळा हलवलात तर अर्धा झोका त्यातच जिरतो. व्हायब्रॅटो हाताने नको, पिन ५ वर द्या. तिसऱ्या ५५५ चा सेकंदाला ५ ठोक्यांचा आवाज नुसता दिलात तर सूर चौकोनी उड्या मारेल, म्हणून मधे ४७ किलोओहम आणि ४.७ मायक्रोफॅरडने तो गोल करा आणि १०० किलोओहममधून पिन ५ ला सोडा. पिन ५ वरचा १० नॅनोफॅरड तसाच राहू दे. झोका जास्त वाटला तर १०० च्या जागी २२० किलोओहम.