'मार्क्ट'ला मराठीत काय म्हणावं?

चैत्रपालवी :
आमच्या जर्मनच्या वर्गाची सहल मिटनवाल्डला गेली होती. म्युनिकहून इन्सब्रुकच्या गाडीने जाताना ऑस्ट्रियाच्या सीमेअलीकडे, कारवेंडेल डोंगरांच्या पायथ्याशी हे ठिकाण लागतं. वस्ती साधारण ७ हजारांची. सहलीचं वर्णन मराठीत लिहून आईला पाठवायचं म्हणून बसले आणि पाटीवरच्या पहिल्याच शब्दाशी अडले : 'मार्क्ट मिटनवाल्ड'. मी 'बाजार' लिहिलं. बाई म्हणाल्या, हा गावाचा दर्जा आहे, दुकानांशी संबंध नाही. 'गाव' लिहावं तर त्याला 'डोर्फ' आहे, 'शहर' लिहावं तर 'श्टाट'. मधल्याला काय म्हणू?

डोंगरवाट :
'निमशहर' लिहा. ७ हजार वस्तीला तेच बसतं.

चैत्रपालवी :
वस्तीवर नाही हो ते. जवळचं गार्मिश-पार्टेनकिर्शन २७ हजारांच्या आसपास, तरी 'मार्क्ट'च. आणि पार उत्तरेतलं आर्निस जेमतेम ३०० माणसांचं, पण ते 'श्टाट'! मुळात बाजार भरवायचा हक्क मिळाला होता का, यावरून हा दर्जा आला.

मोडीवाचक :
मग शब्द आयता आहे : कसबा. जुन्या कागदांत साधं गाव ते 'मौजे' आणि पेठ असलेलं ते 'कसबे'. कसबे पुणे, कसबे सुपे. पेठेवर शेटे-महाजन, म्हणजे बाजाराचा कारभार पाहणारे वतनदार असत. मिटनवाल्डचंही तेच : व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी बोत्सेनला (आजचं इटलीतलं बोल्झानो) भरणारा आपला बाजार १४८७ मध्ये तिथे हलवला, तो १६७९ पर्यंत तिथेच भरत होता. आमच्या जमिनीच्या खरेदीखतात आजही 'मौजे' आहे, आणि आजोबा बाजारच्या दिवशी 'कसब्यात जाऊन येतो' म्हणत.

अनुस्वार :
कसबा अरबी, मौजेही अरबी. शिवछत्रपतींनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? संस्कृत 'हट्ट'पासून आलेला 'हाट' आपल्याकडे आहे. 'हाटगाव' म्हणा.

मोडीवाचक :
शिवकाळातल्या पत्रांतही 'कसबे' आहेच. इतक्या पिढ्यांनी वापरलेला शब्द परका कसा? कसबा गणपतीला हात जोडताना कोणाला अरबी आठवते?

डोंगरवाट :
पण आजच्या वाचकाला 'कसबा' म्हटलं की पुण्यातली पेठच दिसणार. आमच्या नागपूरजवळ अमरावती रस्त्याला 'बाजारगाव' नावाचं गावच आहे. तो शब्द कुठेही चालेल.

रानमोगरा :
मला तर वाटतं 'कसब' आणि 'कसबा' सख्खी भावंडं. कसबी माणसांची वस्ती तो कसबा. मिटनवाल्ड व्हायोलिनसाठीच प्रसिद्ध आहे ना?

मोडीवाचक :
नाही, अरबीत दोघांतला 'क' वेगळा आणि 'स'ही वेगळा. मराठीत येताना ते सारखे झाले.

रानमोगरा :
असू दे, मला जुळणी आवडली. आमच्या मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर. भोपळे पंढरपूरकडून येतात. मिटनवाल्डला व्हायोलिनसाठी कोणती लाकडं वापरतात?

चैत्रपालवी :
वरच्या फळीला स्प्रूस, पाठीला मेपल. माटियास क्लोट्झने (१६५३–१७४३) हा धंदा तिथे रुजवला, चर्चशेजारी त्याचा पुतळा आहे. १८५८ पासून व्हायोलिन बनवायला शिकवणारी शाळाही आहे. आम्ही संग्रहालय पाहिलं, आणि तिथेही एका शब्दाला अडले. तारांखाली उभा असतो त्या तुकड्याला जर्मनमध्ये 'श्टेग' म्हणतात, आणि ओढ्यावरच्या छोट्या पुलालाही 'श्टेग'च.

डोंगरवाट :
म्हणजे साकव!

चैत्रपालवी :
हो, मी 'व्हायोलिनचा साकव' असंच लिहून ठेवलंय. फार गोड वाटलं.

रानमोगरा :
गोड आहे, पण आपल्याकडे त्या तुकड्याला घोडी म्हणतात. जवारी (तारेचा गुंजणारा झंकार) काढतात ती घोडीवरच. मिरजेत साकव म्हणालात तर कोणाला कळायचं नाही.

अनुस्वार :
'जवारी'ची व्युत्पत्ती कोणी सांगेल का?